तुम्ही विचारलंत म्हणून: तयार फंक्शनवर आणखी एक रॅपर कशाला?

रेण्वीय सिम्युलेशनमध्ये, म्हणजे रेणूंची हालचाल संगणकावर पावलापावलानं काढण्यात, नव्यानं आलेले विद्यार्थी हे हमखास विचारतात, आणि मुरलेली मंडळीही विचारतात: ओपनएमएम या सिम्युलेशनच्या लायब्ररीत कोष्टकावरून फंक्शन वाचायची सोय आहे, पायथॉनमधून एका ओळीत ती वापरता येते, मग तुम्ही तिच्यावर स्वतःचं रॅपर, म्हणजे वरून गुंडाळलेला छोटा कोड, लिहायचा आग्रह का धरता?

माझं उत्तर असं. कोष्टक म्हणजे नुसते आकडे. ते कुठल्या एककात आहेत, कुठल्या क्रमानं लावलेत, कुठून कुठपर्यंत खरे आहेत, यातलं काही त्या आकड्यांत लिहिलेलं नसतं. आतली सी प्लस प्लस लायब्ररी ते विचारत नाही. तिला वेगानं हिशोब करायचा असतो. मग विचारणार कोण?

मुळात कोष्टक लागतं कशासाठी, ते आधी सांगतो. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंचं सिम्युलेशन केलं, तेव्हा दोन अणूंमधल्या बलासाठी लेनर्ड-जोन्सचं सुटसुटीत सूत्र हाताशी होतं. प्रत्येक वेळी असं सूत्र मिळत नाही. अनेक अणूंचा मिळून एक मणी धरला, तर दोन मण्यांमधली ऊर्जा बऱ्याचदा अंतरांच्या वितरणावरून उलट काढावी लागते, आणि हाती येते ती आकड्यांची रांग. प्रथिनाच्या कण्याचंही तेच. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून ज्या फाय आणि साय कोनांचा (कण्याच्या दोन पिळांचे हे कोन) नकाशा मांडला, त्याच दोन कोनांवर चार्म या बलक्षेत्रातली (अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे यांचा संच) सीमॅप ही ऊर्जेची दुरुस्ती बेतलेली आहे. दर १५ अंशांना एक नोंद, म्हणजे २४ गुणिले २४, एकूण ५७६ आकडे.

दोन नोंदींच्या मधली किंमत कशी काढायची? अकरावी-बारावीत लॉग टेबल वापरलेल्यांना ‘मीन डिफरन्स’चे रकाने आठवत असतील. तिथे दोन नोंदींमध्ये सरळ रेषा धरलेली असते. इथे तेवढ्यानं भागत नाही. बल म्हणजे ऊर्जेच्या वक्राचा उतार, आणि सरळ रेषा जोडत गेलं की प्रत्येक सांध्यावर उतार उडी मारतो. जी एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी, ती मग सरकू लागते. म्हणून ओपनएमएम बिंदूंमधून क्युबिक स्प्लाइन, म्हणजे घनपदी तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र, नेतं. त्यात उतार सलग राहतो, आणि उताराचा बदलही.

हे सगळं जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, चालतं. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं धरलं, तर एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावलं होतात, आणि प्रत्येक पावलात अणूंच्या असंख्य जोड्या. मध्येच थांबून पायथॉनला काही विचारणं परवडत नाही. कोष्टक एकदा आत गेलं की त्याच्याशी बोलायची सोय संपते. जे काही तपासायचं ते उंबरठ्यावरच, आणि रॅपरची जागा तीच.

माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट क्रमाची आहे. द्विमितीय कोष्टक ओपनएमएमला एका सपाट यादीच्या रूपात लागतं, आणि त्यात पहिला अक्ष भरभर बदलतो. नमपायची (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) सारणी नेहमीच्या पद्धतीनं सपाट केली, तर शेवटचा अक्ष भरभर बदलतो. आकड्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे कुठलाही एरर येत नाही. फक्त फाय आणि साय यांची अदलाबदल होते. त्यातही आल्फा हेलिक्सचे, म्हणजे प्रथिनातल्या मळसूत्री भागाचे, कोन साधारण उणे ६० आणि उणे ४५, त्यामुळे अदलाबदलीनंतर ते जवळपास जागच्या जागी राहतात. बीटा पट्ट्याचे, म्हणजे ताणलेल्या भागाचे, मात्र साधारण उणे १२० आणि अधिक १२०. ते फिरून रामचंद्रन नकाशाच्या जवळजवळ ओसाड कोपऱ्यात जातात. म्हणजे हेलिक्सचं प्रथिन घेऊन चाचणी केलीत, तर सगळं छान दिसेल. शिवाय चार्मच्या फायलींत कोन उणे १८० पासून सुरू होतात, तर ओपनएमएमच्या सीमॅपमध्ये शून्यापासून. ओपनएमएमचा चार्म फायली वाचणारा भाग या दोन्ही गोष्टी सांभाळतो. पण स्वतःचा नकाशा घेऊन आलात, तर हे तुमच्या अंगावर असतं.

एककांबद्दल थोडक्यात. एकक जोडून दिलं तर पायथॉनचा थर ते बदलून घेतो. उघडे आकडे दिले तर ते किलोज्यूल आणि नॅनोमीटरमध्ये आहेत असंच धरलं जातं. किलोकॅलरीचं कोष्टक तसंच गेलं, तर ऊर्जा ४.१८४ पटींनी कमी पडते. माझं रॅपर एककाशिवाय कोष्टक घेतच नाही. लोक कुरकुरतात, पण मी ते बदलणार नाही.

दुसरं म्हणजे टोकं. कोष्टकाच्या बाहेर ओपनएमएम फंक्शनची किंमत शून्य धरतं. दूरच्या टोकाला हे ठीक, तिथे ऊर्जा आधीच शून्यावर उतरलेली असेल तर. जवळच्या टोकाला मात्र जिथे प्रतिकर्षण सर्वांत जास्त हवं, नेमकं तिथेच बल नाहीसं होतं आणि दोन मणी एकमेकांत शिरतात. त्यामुळे कोष्टक आतल्या बाजूला चढत्या उतारानं वाढवून मगच पुढे द्यायचं.

मालकीचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. फंक्शन एकदा बलाला जोडलं की त्याची स्मृती मोकळी करायची जबाबदारी त्या बलाकडे जाते. पायथॉननंही ती मोकळी केली असती, तर प्रोग्राम कोसळला असता. म्हणून स्विगनं (सी प्लस प्लस पायथॉनला जोडून देणारं साधन) तयार केलेला थर पायथॉनचा हक्क काढून घेतो, आणि तीच वस्तू दुसऱ्या बलाला जोडू पाहिली तर चक्क नकार देतो. रॅपरनं दर वेळी नवी प्रत काढून दिली की झालं.

रॅपर लिहून झालं की चाचणी सूत्र माहीत असलेल्या कोष्टकानं करा. आरगॉनसाठी सिग्मा (ज्या अंतरावर ऊर्जा शून्य होते ते) ०.३४ नॅनोमीटर घ्या, लेनर्ड-जोन्सचं कोष्टक बनवा, आणि नोंदींच्या मधल्या अंतरांवर ऊर्जा आणि बल दोन्ही सूत्राशी ताडून पाहा. ०.३८२ नॅनोमीटरच्या आसपास बलाचं चिन्ह बदलायलाच हवं. दोन मितींसाठी अक्षांची अदलाबदल केली तर बदलेल असं फंक्शन निवडा, उदाहरणार्थ एका कोनाची साइन अधिक दुसऱ्याच्या कोसाइनची दुप्पट, आणि तपासायचा बिंदू कर्णावर, म्हणजे दोन्ही कोन सारखे असतील तिथे, घेऊ नका.