सुईतून सूर येतात का?

न्यूयॉर्कात व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या जॅझ क्लबच्या दारात रांग लागली की खरी गंमत रस्त्यावरच सुरू होते. हे तळघर १९३५ पासून चालू आहे. रांगेत कुणी सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या बीबॉपचा, म्हणजे वेगवान जॅझचा भक्त, तर कुणी चेट बेकरच्या हळुवार ट्रम्पेटचा. पियानोवादक बिल एव्हान्सवाल्यांचा तोरा जरा जास्तच. त्यानं जून १९६१ मध्ये इथंच केलेलं रेकॉर्डिंग त्यांना पाठ असतं, त्यात मागे किणकिणणाऱ्या ग्लासांसकट.

मग गाडी व्यसनांवर येते. पार्कर १९५५ मध्ये गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, पण हेरॉइन आणि दारूनं इतका पोखरलेला की डॉक्टरांना तो पन्नाशी उलटलेला वाटला. एव्हान्स आधी हेरॉइन, नंतर कोकेन. १९८० मध्ये संपला. बेकर १९८८ मध्ये ॲमस्टरडॅमला हॉटेलच्या खिडकीतून पडला. हे सगळं इतक्या कौतुकानं सांगतात, जणू सुईतूनच सूर आले! मला हे अजिबात पटत नाही. पार्करचं बघून किती पोरांनी सुई धरली, पण तो स्वतः म्हणायचा की नशेत जास्त चांगलं वाजतं असं सांगणारा सरळ खोटारडा आहे. गायिका बिली हॉलिडेला तर उपचारांऐवजी १९४७ मध्ये तुरुंग मिळाला, आणि वर परवाना गेल्यामुळे न्यूयॉर्कच्या क्लबांत गाणंच बंद.

परभणीचे मामा भजनात पखवाज वाजवतात आणि दिवसभर तंबाखू मळतात. फोनवर त्यांना सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची गोष्ट सांगितली. १९५७ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला नशेपायी आपल्या बँडमधून काढून टाकलं, त्याच वर्षी त्यानं हेरॉइन सोडलं, आणि १९६४ च्या डिसेंबरात 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केलं. देवाचे आभार मानायला केलेली रचना.

"लाव की, ऐकू दे," मामा म्हणाले.

पहिल्या भागात बासवर चारच स्वर फिरत राहतात. सॅक्सोफोन तेच चार स्वर वेगवेगळ्या पट्ट्यांत नेतो, आणि शेवटी कोल्ट्रेन तोंडानं तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो. मामांच्या बोटांचा ठेका फोनवरून ऐकू येत होता.

"आरं, हा तर गजर चाललाय!"

म्हटलं, आता तंबाखूचं बोलावं. पण मामा हुशार. "समदेच येसनी व्हते का?" मी भाबडेपणानं क्लिफर्ड ब्राऊनचं नाव घेतलं. व्यसनापासून लांब राहिलेला ट्रम्पेटवादक, १९५६ मध्ये पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला.

"बग! आन् खाणारा कोण जगला?"

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग रोज गांजा ओढायचा, १९३० मध्ये त्यापायी पकडलाही गेला, तरी १९७१ पर्यंत जगला, हे सांगावंच लागलं.

"हा आपला माणूस!" मामा खूश.

मागून मामींचा आवाज आला, "त्यांचं काय ऐकायलास? ज्यानं सोडलं म्हणलास ना, त्याचंच रोज लाव यांना."