विमानाने किती तास लागतील हे नुसत्या अंतरावरून का सांगता येत नाही

दोन विमानतळांमधलं अंतर सर्च केलं की लगेच आकडा येतो, मग आपण त्याला 900 ने भागतो कारण मोठं विमान वर गेल्यावर ताशी साधारण तेवढे किलोमीटर स्पीडने जातं, आणि झालं, वेळ काढला असं वाटतं. पण हे उत्तर बहुतेक वेळा कमीच येतं, आणि त्या भरवशावर कोणी पुढची कनेक्टिंग फ्लाइट बुक केली की मला खरंच काळजी वाटते.

आधी अंतराचं बघू. साइटवर दिसतं ते पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या वाटेचं अंतर, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. सपाट नकाशावर ही वाट वाकडी दिसते, म्हणून विमान उगाच वळसा घालतंय असं वाटतं. दुबई ते लॉस एंजेलिसची जवळची वाट पार आर्क्टिकवरून जाते, ग्लोबवर दोरा ताणून बघा, लगेच पटेल. आणि युनिट बघायला विसरू नका. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके सुमारे 5,550 किलोमीटर, म्हणजे 3,450 मैल, आणि नॉटिकल मैलात मोजलं तर 3,000, कारण एक नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा असतो. तिन्ही आकडे बरोबरच आहेत.

आता वेळ. इथे खरी गंमत वाऱ्याची आहे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि लांबची विमानं त्याच उंचीवर असतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला यायला साधारण सात तास आणि परत जायला आठ, अंतर तेच. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं! हिवाळ्यात हा वारा जास्त जोर धरतो, तेव्हा पश्चिमेला जाताना कनेक्शनसाठी जरा जास्त वेळ ठेवलेला बरा.

दुसरं म्हणजे बंद आकाश. 2022 मध्ये रशियाने युरोपच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी घातली आणि हेलसिंकी–टोकियो फ्लाइट साडेनऊ तासांवरून 13 तासांच्या आसपास गेली. अंतर काढणारा कॅल्क्युलेटर मात्र अजूनही तेच 7,800 किलोमीटर दाखवतो, त्याला बिचाऱ्याला राजकारण काय माहीत.

आणि तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ, त्यात टॅक्सिंग (विमानाचं जमिनीवर चाकांवर हळू जाणं), रनवेसाठी रांग, उतरण्याआधी वर घिरट्या घालणं सगळं आलं. म्हणून तासाभराच्या फ्लाइटमध्ये हा जास्तीचा वेळ जाणवतो, चौदा तासांच्या फ्लाइटमध्ये फारसा नाही.

मला विचाराल तर किलोमीटरला 800 ने भागा आणि वर अर्धा तास धरा, अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण बुकिंग करायच्या आधी त्याच रूटची फ्लाइट गेल्या आठवडाभरात रोज किती वेळात पोचली ते फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर बघाच, आणि सुटायची-पोचायची वेळ त्या त्या गावची लोकल असते, त्यामुळे वजाबाकी करताना टाइम झोनचा फरक आधी काढा.