आमची वाटचाल : नाइट शिफ्टपासून स्वतःच्या लेबलपर्यंत

मी मूळचा रेडिओवाला, रात्री ११ ते २ चा स्लॉट. समोर दोन टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची मशीन), प्लॅटरवर, म्हणजे फिरणाऱ्या थाळीवर, फेल्टचा स्लिपमॅट (रेकॉर्डखालची घसरती चकती), एका कानाला हेडफोन लावून क्यू, म्हणजे गाणं सुरू होतं ती नेमकी जागा, शोधायचा, रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायची आणि बीटवर सोडायची. इंट्रो १७ सेकंदांचा असेल तर गायकाने तोंड उघडायच्या आत आपलं बोलणं संपलंच पाहिजे. आजही डेमो आला की मी आधी इंट्रो मोजतो.

नोकरी सोडून लेबल (गाणी काढणारी कंपनी) काढलं तेव्हा सोबत आला तो एकटा आमच्या शिफ्टचा साउंड इंजिनियर. पहिली ४ वर्षं बरी गेली.

पाचव्या वर्षी आमच्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या गाण्यावर कॉपीराइट क्लेम आला, तोही आमच्यानंतर ८ महिन्यांनी गाणं काढलेल्या एका लेबलचा! दोघांनी एकाच सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांचा संच) लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, वापरलेला, लायसन्स दोघांकडे, पण नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्याच्या हक्काचं नाही, आणि त्यांनी लूपसकट गाणं फिंगरप्रिंटला, म्हणजे गाणी आपोआप ओळखून क्लेम लावणाऱ्या सिस्टिमला टाकलं. जे एकट्याचं नाही ते तिथे द्यायचंच नसतं, हे धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. स्टुडिओचं भाडं ज्या गाण्यावर निघायचं त्याचेच पैसे अडकले, त्यांना फोन केला तर म्हणे 'सिस्टिम बघून घेईल'. ते मी अजून विसरलेलो नाही.

वाचवलं इंजिनियरने. प्रत्येक सेशन २४ बिट वेव्ह फाइलमध्ये, स्टेम्स (वाद्यांचे, आवाजांचे सुटे ट्रॅक) वेगळे, लायसन्सची पावती त्याच फोल्डरमध्ये, सगळं दोन हार्ड डिस्कवर, आणि मी त्याला म्हणायचो कशाला एवढं. डिस्प्यूटला, म्हणजे क्लेमवर हरकत घ्यायला, तेच कामी आलं. क्लेम सुटला, पण तोवर आमचे दोन गायक त्याच लेबलकडे गेले होते.

नवीन पोरांनो, स्टुडिओतून उठायच्या आधी स्प्लिट शीटवर (गाण्यात कोणाचा किती वाटा तो कागद) सह्या घ्या, मैत्री आहे म्हणून ठेवून देऊ नका. रीमिक्सला जुना आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) चिकटवू नका, प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा लागतो. आणि मास्टरचा (गाण्याच्या फायनल फाइलचा) आवाज चेपून चेपून मोठा करू नका, बरेच स्ट्रीमिंगवाले तो उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतातच, तुमचा ड्रमचा पंच तेवढा जातो.

इंजिनियर आता निम्म्याचा पार्टनर आहे. ते गाणं आम्ही पुन्हा नव्याने केलं, लूप काढून त्या जागी नवी गिटार फ्रेज, नवीन आयएसआरसी. इंट्रो तेवढा १७ सेकंदांचाच ठेवला.