श्वासाची तपासणी शून्य, तरीही हात थरथरतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात, मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहतो. जिथे सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचे वितळलेले लोखंड लॅडलमधून (ओतण्याच्या भांड्यातून) साच्यात ओतले जाते, तिथे पिऊन आलेल्या माणसाला उभे करता येणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गेटवर यंत्राने श्वासाची तपासणी व्हावी, दोषी आढळल्यास त्या दिवशी काम देऊ नये आणि त्याला मोटारसायकलवर एकटे न धाडता घरच्यांना बोलावून घ्यावे.

मात्र ते यंत्र फक्त प्यायलेला माणूस पकडते. नोटिशीच्या धास्तीने एका मोल्डरने (साचे बनवणाऱ्या कामगाराने) दारू एकाएकी सोडली होती. दुसऱ्या दिवशी तपासणीत शून्य आले; पण चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरूनही चहा त्याच्या मनगटावर सांडत होता आणि ऐन सकाळी त्याचा सदरा घामाने भिजला होता. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला यंत्र आत सोडते, आणि सुपरवायझर तर दारू सुटली म्हणून त्याचे कौतुकच करतो! त्या मोल्डरला मी सुपरवायझरसह कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात पाठवले, हे मला आजही योग्य वाटते.

आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांनुसार, कामाच्या ठिकाणी नशेत असणे हे गैरवर्तन आहे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. आपल्या कारखान्यांत पहिला नियम सर्वांना तोंडपाठ असतो, दुसरा फारसा कोणाला ठाऊक नसतो. म्हणून माझा आग्रह आहे की, पहिल्या खेपेस चौकशीऐवजी उपचारांची रजा द्यावी, पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन नोटीस बोर्डावर लावावी, आणि उपचार पूर्ण करून आलेल्याला काही काळ भट्टीपासून दूरचे काम देऊन त्याची नोकरी राखावी.

कायम कामगाराला निदान नोटीस तरी मिळते. ठेकेदाराच्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच तोंडी सांगितले जाते. उपचारांची ही रजा ठेकेदाराच्या करारातही लेखी हवी, कारण आमच्याकडे लॅडल धरणारे बहुतेक हात त्याच्याच हजेरीपटावरचे आहेत.