पाडवा ते पाडवा, वर्षभराची गाणी
उद्या पाडवा. वेंगुर्ल्याहून मालवणला येताना आज वर्षभरातले आवडते अल्बम पुन्हा लावले. कुमारजींची (कुमार गंधर्वांची) निर्गुणी भजनं होतीच, पण यंदा वेड लावलं ते किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागानं. परुळ्याच्या अलीकडे त्यातली ‘प्रथम सुर साधे’ ही बंदिश सुरू झाली. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, किशोरीताई गंधारावर (‘ग’वर) अशा काही थांबल्या की मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. सुरंगीच्या फुलांचा वास आत आला. भूपात स्वर पाचच, मध्यम-निषाद (म, नि) वर्ज्य. तरी दर वेळी नवी जागा सापडते. (किशोरीताईंच्या आई, गायिका मोगूबाई शेजारच्या गोव्यातल्या कुर्डीच्या, याचा आम्हाला कोण अभिमान!) याच भूपातलं ‘सहेला रे’ मात्र मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, चांगले हेडफोन लावा. तुम्ही वर्षभर काय ऐकलंत? सांगा, भावगीतं असतील तर नक्कीच.