मीटरमधली गरारी

स्पीडचा काटा छान चालतो, मैलांचे आकडे मात्र जागचे हलत नाहीत. जुन्या पोर्शे 944 चं हे ठरलेलं दुखणं. मामाची गाडी 1986 ची. इंग्लंडहून कायमचा इंदूरला परतला तेव्हा सोबत घेऊन आला, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे आणि मीटर मैलांत. आकडा 71,384 वर अडकलेला. कधीपासून, ते त्याला सांगता येईना. "गाडी चालतेय ना? मग झालं!"

झालं कसं? या अडीच लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल सांभाळणारा पट्टा, तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग खर्च विचारूच नका. म्हणून जाणकार लोक दर 30,000 मैलांच्या आसपास, आणि गाडी फारशी फिरली नसली तरी चार-पाच वर्षांनी, बेल्ट बदलून घेतात. मामाचा हिशोब पेट्रोल पंपाच्या पावत्यांवर चालला होता. त्यातल्या अर्ध्या पावत्यांची शाई उडून कोरे कागद उरलेले, पण तो ते नीट रबर लावून ठेवणार.

मी पीथमपूरला गिअरच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. आमचे गिअर ट्रकचे, दोन हातांनी उचलायचे. त्यामुळे "तुझंच काम आहे हे" असं मामा म्हणाला तेव्हा मला हसू आलं.

काटा चालतो आणि आकडे का नाही, याचं उत्तर सोपं आहे. 944 चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. मागच्या सेन्सरकडून मीटरला विजेचे सिग्नल येतात. काटा त्यावर सरळ हलतो. आकड्यांसाठी मात्र आत एक छोटी मोटर असते. ती प्लास्टिकच्या बारक्या गरारींमधून, म्हणजे दातेरी चाकांमधून, आकड्यांचे ड्रम फिरवते. उजवीकडच्या ड्रमची एक फेरी पुरी झाली की शेजारचा एक घर पुढे सरकतो. म्हणजे एक गरारी गेली की पुढचं सगळं ठप्प, आणि काट्याला त्याचा पत्ताही नाही.

क्लस्टर, म्हणजे स्टिअरिंगमागचा मीटरचा सगळा संच, काढायला स्टिअरिंग व्हील उतरवावं लागलं. मीटर घेऊन मी राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. ट्रकच्या गिअरवाल्या बाईपेक्षा डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस इथे कामाचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. काकांनी चिमट्याने गरारी धरली आणि ती चिमट्यातच चुरली, पावसाळ्यात पाझरलेल्या गुळासारखी. त्या काळच्या या मऊ प्लास्टिकचं असंच होतं. उष्णता आणि तेलाची वाफ वर्षानुवर्षं लागून ते आधी चिकट होतं, मग त्याचे तुकडे पडतात. त्यात कुणीतरी कधीकाळी आत तेलाचा स्प्रे मारलेला. वर मामाची सवय! पंपावरून निघाल्यावर चालत्या गाडीत ट्रिपचं, म्हणजे फेरीचे मैल शून्यावर आणणारं, बटण दाबायचं. गरारी फिरत असताना बटणाचा झटका बसला की आधीच थकलेले दात निघणारच.

काकांकडे जाण्याआधी एका मीटरवाल्यालाही विचारलं होतं. त्याचा पहिला प्रश्न, "मैडम, मीटर खुल ही रिया है तो कितने पे रखूँ?" अगदी सहज, चहात साखर किती विचारावी तसा. मी म्हटलं, आहे तिथेच. त्याला ते पटलं नाही; गाडी कधी विकायची झाली तर चाळीस हजारांवर बरी दिसेल, असं त्याचं म्हणणं. मामाचा प्रस्ताव उलटा. मधल्या काळात गाडी जेवढी फिरली असेल तेवढे मैल अंदाजाने मिळवून टाकू, म्हणजे खरं होईल! अंदाजाने मिळवलेला आकडा खरा कसा होईल, यावर आमचा जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला. शेवटी ड्रमना हात लावायचा नाही असं ठरलं. बंद काळाची नोंद सर्व्हिस बुकात शाईने केली, आणि बेल्ट सरळ नवा टाकून घेतला, म्हणजे हिशोब पुन्हा तिथून सुरू.

नवी गरारी बाहेरून मागवावी लागली. मागवण्याआधी दात मोजायचे होते, कारण एक दात इकडचा तिकडे झाला तरी मीटर आयुष्यभर खोटं बोलणार. पण मोजायचे कशाचे, तर चुऱ्याचे. वहीवर वर्तुळ काढून शाबूत दातांमधलं अंतर मोजलं, तुटलेल्यांच्या जागा भरल्या आणि शेजारच्या गरारीशी ताडून पाहिलं. कारखान्यात हेच काम मशीन करतं. हाताने करताना मजा आली, हे कबूल.

बसवताना खरी कसरत काट्याची. काटा ओढून काढण्याआधी काकांनी तो, शून्याशी ज्या खिळीला टेकतो तिच्यावरून, अलगद उचलून पलीकडे सोडला आणि स्वतःहून जिथे थांबला तिथे चिकटपट्टीवर पेन्सिलीने खूण केली. स्प्रिंगचा ताण गेल्यावर त्याची खरी जागा तीच. ही खूण नसेल तर नंतर काटा कुठेही बसेल आणि सिग्नलला उभी गाडीही ताशी दहा मैल पळताना दिसेल. मला घाई झालेली पाहून म्हणाले, "ताई, घड्याळाला घाई चालत नाही, याला कशी चालेल?" तेल अजिबात नाही, सिलिकॉन ग्रीसचा टिपका तेवढा, तोही सुईच्या टोकाने.

तपासणीला रविवारी पहाटे राऊच्या पुढे गेलो. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, मोजमापाला झकास, पण तिथे आम्हाला कोण सोडणार! रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर भागवलं. सोळा किलोमीटर म्हणजे दहा मैलांना जरासे कमी. दगड मोजायला मी, गाडी चालवायला मामा, आणि बोलायलाही मामाच. सोळाव्या दगडाशी मीटरचा दहावा मैल भरत आला होता. मामाचा हात सवयीने ट्रिपच्या बटणाकडे गेला, मी तो वरच्यावर पकडला.

आता त्याचं म्हणणं, आलीच आहेस तर एसीचंही बघ. एसीचं मी बघणार नाही.