वाघ-बकरीचा पट

गणपतीच्या आधी जोत्यावरचे शेवाळ खरवडण्याचे काम आमच्या राजापुराकडच्या घरात दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडते. यंदा ते माझ्या गळ्यात पडले आणि दुपारी घासता घासता पायरीजवळच्या चिऱ्यावर वाघ-बकरीचा पट वर आला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होत जातो. चिरा ताजा असतानाच कोणीतरी कोयत्याच्या टोकाने या रेघा ओढून घेतल्या असणार. २३ घरे, ३ वाघ, १५ बकऱ्या. हा पट विकत आणायचा असतो, हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

वाघ आजोबांचे आणि बकऱ्या आजीच्या, ही वाटणी कधी बदलली नाही. वाघ म्हणून सुपाऱ्या, बकऱ्या म्हणून काजूच्या बिया. सगळ्या १५ बकऱ्या पटावर उतरेपर्यंत एकही हलवता येत नाही आणि वाघ मात्र पहिल्यापासून मोकळे हिंडतात, उड्या मारतात, खातात. आजोबांना हाच भाग आवडे. आजी पहिल्या बिया टोकांवर ठेवी, कारण टोकावरच्या बकरीच्या पलीकडे घरच नसते आणि उडी घेऊन वाघाने उतरायचे कुठे? मग ती एका बीच्या पाठीला दुसरी लावत जाई, कारण एका उडीत दोन बकऱ्या ओलांडता येत नाहीत. बी ठेवल्यावरही तिचे बोट क्षणभर तिच्यावरच असे. बोट उचलले की चाल पक्की, हा नियम तिनेच केलेला होता आणि तो तीच कसोशीने पाळी. तिन्ही वाघ कोंडले गेले की आजोबा त्यांतला एक उचलून निमूट अडकित्त्यात धरत आणि पानाबरोबर खाऊन टाकत.

फाशांचे किंवा कवड्यांचे खेळ मला आजही रुचत नाहीत. तिथे हरणाऱ्याला कवड्यांना नावे ठेवता येतात. इथे बोट आपलेच असते.

एका वर्षी आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी गड्याने हा डाव उभ्यानेच पाहिला आणि खळ्यात काटकीने आपला पट काढून दाखवला. चौकोनी, २५ घरांचा, चार कोपऱ्यांत ४ वाघ, आणि बकऱ्या २०. बाघचाल म्हणाला तो. आजोबा हरखले, कारण त्यात ५ बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला असे ठरलेले होते. आमच्याकडे किती बकऱ्या गेल्या म्हणजे डाव संपला, यावर एकमत कधी झालेच नव्हते, आणि प्रत्येक डावाचा शेवट निम्मा खेळण्यात, निम्मा भांडण्यात जाई. आजोबांनी तो नियम तिथल्या तिथे लागू केला.

आजीने ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, पाच गेल्या म्हणून उरलेल्यांनी काय करायचे?"

गडी हसला. आजोबा त्या दिवशी पुढे खेळले नाहीत.